बाळारामचा पुरा बेस

बाळाराम,

परवा तुझं बारावं झालं. पंगती उठल्या, मी मांडवाच्या दाराशी चपला शोधत होतो, तेवढ्यात तुमच्या बँडच्या नामदेव मास्तरांनी मला हाताला धरून बँडच्या खोलीत नेलं. भिंतीवरची वाद्यांच्या मापांची यादी दाखवत म्हणाले, "परब, ही जरा पुन्हा करून द्या. अक्षरं पुसट झालीत. डोंबिवलीच्या एका बँडशी बेसची अदलाबदल ठरतेय. त्यांचा एक आपल्याकडे, आपला एक त्यांच्याकडे. त्यांना मापं कळवायला हवीत, आणि मापाच्या बाबतीत तुमच्याशिवाय कुणाचं काही चालत नाही."

मी हो म्हटलं. पूल ओलांडून कळव्याला घरी पोचेपर्यंत मात्र तो हो परत घ्यावासा वाटायला लागला.

त्या यादीत एक आकडा खोटा आहे. तो मी लिहिलाय. तीस वर्षं वागळे इस्टेटमधल्या कारखान्यात इन्स्पेक्शनला काढली, तयार जॉब पास करताना सख्ख्या मित्राची भीड ठेवली नाही, आणि आयुष्यातलं एकुलतं एक खोटं रीडिंग लिहिलं ते तुझ्या बेसचं. तुला ते कधी सांगितलं नाही. यादी नव्याने करायची म्हणजे एकतर तेच खोटं पुन्हा स्वच्छ अक्षरात लिहायचं, नाहीतर तू गेल्यावर पंधरा दिवसांत तुला खाली उतरवायचं. दोन्ही मला जमेना. शेवटी काय केलं ते सांगतोच, पण आधी तुझ्याशी पहिल्यापासून बोलायचंय. तू मध्ये बोलणार नाहीस ही सोय आहे, आणि खरं सांगू, तीच गैरसोयही आहे.

आपली ओळख झाली ती एका पिस्टनवरून. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीचे दिवस. तू प्रेसशॉपला, मी मापं तपासायच्या गेजरूमला. आमच्या खोलीला काचेचं दार, आत थंडगार हवा, चपला-बूट बाहेर काढून यायचं असा कडक नियम. तू तेलाने माखलेल्या बुटांसकट आत आलास आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेली पितळी वस्तू माझ्या टेबलावर ठेवलीस.

"सायेब, यो आडकतंय. जरा बग ना."

"आधी बूट बाहेर काढ," मी खेकसलो.

तू बूट काढून आलास. तुझ्या मोज्यांची अवस्था बघून मीच म्हटलं, बाबा, बूट घाल.

वाद्यावर बोटांनी दाबायचा तो पिस्टन, मी मोजला. एका अंगाने केसभर फुगला होता. तसं सांगितल्यावर तू गंभीर चेहऱ्याने विचारलंस, "कोनाचा केस? तुजा का माजा?" तुझ्या डोक्यावर तेव्हा जंगल होतं आणि माझ्याकडे लग्नाआधीच माघार सुरू झालेली. गेजरूममध्ये इतक्या मोठ्याने कुणी हसल्याचं त्याआधी मला आठवत नाही. मी तो पिस्टन जेवणाच्या सुट्टीत घासून दिला आणि तू मला रविवारी कोळीवाड्यात बोलावलंस, "आपला पिस्टन कुठं ऱ्हातो त्याचा घर बगाया."

बेस हा शब्द मी त्या रविवारी पहिल्यांदा ऐकला. कॅटलॉगमध्ये त्याला ट्यूबा म्हणतात हे मला पुढे कळलं, पण बँडमध्ये कुणी ट्यूबा म्हणत नाही. वरातीत सगळ्यांच्या मागे चालणारं, पोटाशी धरायचं, आभाळाकडे तोंड केलेलं ते अवाढव्य पितळी धूड. खोलीत अशी तीन धुडं ओळीने बसली होती. मी आपलं सहज विचारलं, "यातला सगळ्यात मोठा कुठला?"

तू माझ्याकडे असं पाहिलंस, जणू मी बाजारात येऊन पापलेटाला खवले किती असं विचारलंय.

"मोटा म्हंजे? लांबीन मोटा का पोटान मोटा?"

मग तू जाळं विणायची सुतळी आणलीस. बेसच्या फुंकायच्या टोकापासून सुरुवात करून, प्रत्येक वळसा अंगठ्याने दाबत, भोंग्याच्या काठापर्यंत सुतळी फिरवलीस. मग दोन्ही हात पसरून ती मोजलीस. समुद्राची खोली मोजतात तशी, वावेने. एक वाव म्हणजे दोन पसरलेले हात, जवळजवळ सहा फूट. पहिला बेस भरला दोन वाव आणि वर हातभर नाही इतकी सुतळी. दुसरा तीन वाव. तिसरा, जो दिसायला दुसऱ्याच्या दीडपट दांडगा, तोही बरोबर तीनच वाव.

"आता समाजला? लांबीवर सूर. दोन वाववाला ई-फ्लॅट, त्याचा आवाज जरा वर. तीन वाववालं बी-फ्लॅट, खाली. यो झाला पयला भाग. एका सुराची आपसांत तुलना करायची, दुसऱ्या सुराशी नाय. आपन बोंबलाची घोल माशाशी तुलना करताव का?"

इतकं स्वच्छ वर्गीकरण मला आमच्या ट्रेनिंगवाल्यांनीही कधी शिकवलं नव्हतं.

दुसरा भाग पोटाचा. सूर एकच, लांबी एकच, पण एकाची नळी बारीक आणि अंग सडपातळ, दुसऱ्याचं अंग फुगलेलं. त्याला तुमच्याकडे नावं होती: पाऊण, पुरा, सव्वा, दीड. तुमच्या जुन्या मास्तरांनी ती पलटणीतल्या वाद्यांच्या खोक्यांवरच्या अपूर्णांकांवरून उचलली होती. तू म्हणायचास, सायबाला आधी वर तीन लिहावा लागतो, मग आडवी रेघ, मग खाली चार. आपण पाऊण म्हटलं की काम झालं. बँडमध्ये पुरा होता आणि दीड होता. दीड तुझा. तो उचलून तू उभा राहिलास की समोरून फक्त पाय दिसायचे.

आणि इथेच आपला वाद सुरू झाला. तो अठरा वर्षं चालला.

मी विचारलं, "पाऊण कशाच्या? पुरा म्हणजे किती मिलिमीटर?"

"पुरा म्हंजे पुरा."

"असं नसतं रे. ठाण्याचा पुरा आणि कल्याणचा पुरा एकच असला पाहिजे. नाहीतर त्याला माप का म्हणायचं?"

"तुजा पुरा आनि माजा पुरा एक कसा असंल? मंगाशी जेवताना बगलास ना?"

बघितलं होतं. मी तिसऱ्या भाकरीला हात आडवा धरला तेव्हा तू सातवी मोडत होतास आणि वहिनी आठवी थापत होत्या.

पण मी गेजरूमचा माणूस. आमच्याकडे जॉब एकतर पास होतो, नाहीतर रिजेक्ट. पुढच्या रविवारी मी व्हर्निअर, म्हणजे आमचं बारीक मापाचं हत्यार, घेऊन आलो. दुसऱ्या पिस्टनची छोटी नळी ओढून काढली, तिचं आतलं माप घेतलं, भोंग्याला टेप लावली, उंची घेतली. ड्रॉइंग शीटवर स्टेन्सिलने यादी केली: नाव, सूर, नळी, भोंगा, उंची. तुझ्या हट्टाखातर वाव हा रकाना घातला. आणि शेवटचा रकाना तू जवळजवळ भांडून घालायला लावलास. त्याचं नाव होतं कव.

ही तुझी स्वतःची पद्धत. बेस समोर उभा करायचा, डोळे मिटायचे आणि त्याला मिठी मारायची. बोटं एकमेकांत गुंतली की पाऊण. नुसती टोकाला टेकली की पुरा. मध्ये वीतभर अंतर राहिलं की सव्वा. आणि "दोन हातांची येकमेकांशी वलखच नाय ऱ्हायली" की दीड. कल्याणच्या लग्नात, डोंबिवलीच्या मिरवणुकीत, समोरच्या बँडचा बेस दिसला की तू परवानगीही न घेता त्याला मिठी मारायचास. एकदा त्या मिठीत बेसमागे बेसवालाही उभा होता. तो बिचारा घाबरून "काका, काका" करत राहिला आणि तू मला गर्दीतून ओरडून सांगत होतास, "परब, सव्वा हाय! लिवून घे!"

माझ्या मापांचं काय झालं ते तुला ठाऊकच आहे. नळी मोजली तर तुमचा दोन वावेचा ई-फ्लॅट आणि तीन वावेचा पुरा जवळजवळ सारखेच भरले. भोंगा मोजला तर पुऱ्याचा भोंगा दीडच्या तोडीचा निघाला, कारण कधीतरी कुणीतरी तो दुसऱ्याच बेसचा आणून झाळून बसवला होता. उंची मोजली तर ई-फ्लॅट उंच, कारण त्याचे वळसे लांबट. प्रत्येक मापाने निराळा निकाल. तू नुसता सुपारी कातरत बसायचास आणि ते जास्त झोंबायचं.

मग मला अक्कल सुचली. हो, ती अक्कल माझी होती, आज लिहून देतो. मी म्हटलं, आतली पोकळी मोजू. बेसमध्ये पाणी भरू. ज्यात जास्त मावेल तो मोठा, विषय संपला.

फुंकायच्या टोकाला बूच मारलं. तू बेस सरळ धरलास, मी पिंपातून कळशी भरभरून ओतत होतो. आत हवा अडकली की मोठ्ठा ढेकर यायचा आणि अर्धी कळशी माझ्या अंगावर. मग बूच काढायचं, हवा सोडायची, बूच घालायचं, बेस आडवा करायचा, पुन्हा उभा करायचा. अख्खी आळी गोळा झाली. वहिनी दारातून म्हणाल्या, "न्हाऊ घालताव का त्याला? मग साबन पन लावा." पुऱ्यात दोन कळश्यांना थोडं कमी पाणी मावलं आणि दीडमध्ये तीन कळश्या जवळजवळ रिकाम्या झाल्या. मी आनंदाने आकडे लिहिले. विज्ञान जिंकलं होतं.

दुसऱ्या दिवशी नारळी पौर्णिमा होती, हे आपल्या दोघा शहाण्यांच्या डोक्यातच आलं नाही.

दुपारी मिरवणूक निघाली. तू छाती भरून पहिला सूर लावलास आणि दीडमधून बेसचा आवाज यायच्या ऐवजी हुक्का ओढल्यासारखा आवाज आला. इतक्या वळशांच्या आत किती पाणी दडून राहतं ते आपण कुठे मोजलं होतं? नामदेव मास्तरांनी मागे वळून डोळे वटारले. तू घाईघाईने बेस उलटा केलास. मास्तरांचे पांढरे बूट त्यांच्या पायात होते, तिथेच ती धार पडली. मिरवणुकीतल्या बायका हसून खाली बसल्या. पिस्टन पुढे चार दिवस अडकत होते आणि मी रोज जेवणाची सुट्टी त्यांना तेल पाजण्यात घालवली. त्या प्रकारानंतर मास्तर माझ्याशी दिवाळीपर्यंत बोलले नाहीत.

आता एक कबुली, छोटी आहे, अर्धी तुला ठाऊकही आहे. आपला वाद कायमचा मिटवायला म्हणून मी एकदा मुंबईला वाद्यांच्या मोठ्या दुकानात गेलेलो. तुला परत येऊन सांगितलं, दुकान बंद होतं. बंद नव्हतं, बाळाराम. चांगलं उघडं होतं. मालकाने परदेशी कंपन्यांचे कॅटलॉग काढून दिले, स्टूल दिलं, पाणी दिलं. मी तासभर आकडे उतरवत बसलो. आणि काय निघालं? एका कंपनीचा सव्वा दुसऱ्या कंपनीच्या पुऱ्यापेक्षा लहान. नळीने लहान, भोंग्याने लहान, सगळ्याच बाजूंनी लहान. जगात कुठेही पुऱ्याचं ठरलेलं माप नाही. प्रत्येक कंपनी आपल्या एका बेसला पुरा म्हणते आणि बाकीचे त्याच्या हिशेबाने पाऊण, सव्वा, दीड ठरवते. तू कोळीवाड्यात सुतळी घेऊन बसून जे सांगत होतास तेच. मी कॅटलॉग मिटले, मालकाचे आभार मानले आणि सगळी वाट स्वतःवर चिडत आलो. तेव्हा तुला सांगायचं धाडस झालं नाही. तू महिनाभर मला चिडवलं असतंस, आणि ते मला परवडणारं नव्हतं.

मग तुला दम लागायला लागला.

आधी तू ते लपवलंस. आळीच्या चढावर वाजवणं थांबवून भोंगा पुसायचं नाटक करायचास. मग एका लग्नात दोन गाण्यांच्या मध्ये तू बेससकट ओट्यावर बसलास आणि उठेनास. डॉक्टरांनी फोटो काढले, छातीवर बोटं वाजवून बघितली आणि सांगितलं, फुंकायचं बंद. तू म्हणालास, बंद नाय. डॉक्टरही भला माणूस, तो म्हणाला, मग निदान कमी हवेचं काहीतरी वाजवा.

मी तुला पाऊण बेस सुचवला. काय चिडलास!

"मी पाऊन वाजवू? आळीत काय तोंड दाखवू? पोरं बोलतील, बालाराम पाऊन झाला. पुऱ्याच्या खाली मी उतरनार नाय, सांगून ठेवतंव. त्यापेक्षा टांगून ठेव त्याला भिंतीला."

दीड भिंतीला लागला. तूही लागलास म्हण ना. रविवारी मी यायचो, तू खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडलेला असायचास. वहिनी चहा आणून ठेवायच्या, तो तसाच गार व्हायचा. कारखान्यातून तू आधीच बाहेर पडला होतास. तुझ्याशी भांडायला मिळत नव्हतं आणि मला रविवार खायला उठायचा. वहिनींनी एकदा मला जिन्यापाशी गाठून सांगितलं, "भावजी, कायतरी करा. यो मानूस दम्यानं नाय मरायचा, गप ऱ्हाऊन मरंल."

त्याच सुमारास कल्याणचा एक जुना बँड मोडला. त्यांच्याकडे एक सडपातळ बी-फ्लॅट पडून आहे असं कळलं. मी गेलो, बघितला, व्हर्निअर लावलं. नळी साडेसतरा मिलिमीटर, तुमच्या पुऱ्याची एकोणीस. पिस्टनला दोऱ्याने कंपनीचं कार्ड बांधलेलं, त्यावर छापलेलं: वर तीन, आडवी रेघ, खाली चार. बेस मात्र सुरेख होता, हलका, कमी हवेत बोलणारा. तुझ्यासाठीच कुणी बनवला असावा इतका नेमका.

मी तो एसटीत मांडीवर घेऊन आणला. कंडक्टर म्हणाला, "बाळाला खिडकीजवळ बसवा, ओकलं तर बरं पडेल." सगळी एसटी हसली, मीही हसलो, आणि हसता हसता त्या कार्डाचा दोरा सोडवला. ठाण्यात खोपटच्या डेपोत उतरेपर्यंत कार्डाचे बारीक तुकडे झाले होते. तिथूनच रिक्षा केली आणि तुझ्या दारात येऊन म्हटलं, "पुरा आणलाय."

तू खाटेवर उठून बसलास. "यो? यो पुरा?"

आणि तेव्हा मला दुसरं काही सुचेना म्हणून मी तुला खरी गोष्ट सांगितली. "वेगळ्या कंपनीचा आहे. प्रत्येक कंपनीचा पुरा वेगळा असतो. मुंबईच्या दुकानात कॅटलॉग बघितले मी. ठरलेलं माप जगात कुठेच नाही."

तुझ्या चेहऱ्यावर जे उजाडलं ते मी विसरणार नाही. तू बेस विसरलास, दम विसरलास. "म्हंजे मी जिकलो? अगो, ऐकतंस काय? परब हारला! सोताच्या तोंडान बोलला!" वहिनी हात पुसत बाहेर आल्या. शेजारीपाजारी आले. तू प्रत्येकाला पहिल्यापासून वाद समजावून सांगितलास, माझ्या वतीनेही तूच बोललास, आणि प्रत्येक वेळी शेवटी मी हरलो. अर्धा तास खोकत खोकत हसत होतास.

मग सगळे गेल्यावर तू उठलास. डोळे मिटलेस आणि त्या बेसला मिठी मारलीस.

तुझी बोटं एकमेकांत गुंतली, बाळाराम. चांगली घट्ट गुंतली.  तू डोळे उघडलेस, गुंतलेल्या बोटांकडे थोडा वेळ पाहिलंस आणि म्हणालास, "छाती आत गेली ना माजी. म्हनून हात लांब झालं." मग माझ्याकडे न बघता विचारलंस, "तू मोजलास ना?"

"मोजला."

"किती?"

"एकोणीस."

"मंग झाला. लिव."

अठरा वर्षं तू माझ्या व्हर्निअरची टिंगल केलीस आणि ज्या एका दिवशी ते खोटं बोललं त्या दिवशी विश्वास ठेवलास. मी यादीत लिहिलं: पुरा, बी-फ्लॅट, नळी एकोणीस. स्टेन्सिलमुळे तो आकडा बाकीच्यांइतकाच खरा दिसला. वाव तीन, ते खरं होतं. कव हा रकाना तू स्वतः भरलास. तिथे तू फक्त एक टिंब काढलंस; बोटं टेकल्याचं की जागा सोडून दिल्याचं, ते मी विचारलं नाही.

तुला कळलं होतं का? हे मी परवापासून स्वतःला विचारतोय. कधी वाटतं, वीस वर्षं दीड फुंकलेल्या माणसाला पहिल्या फुंकरीतच कळलं असणार. कधी वाटतं, नसेल कळलं, तू वाद जिंकल्याच्या खुशीत होतास. मला दोन्हीचा त्रास होतो आणि दोन्हीने बरंही वाटतं. विचारायला हवं होतं, तीन वर्षं होती माझ्याकडे. पण त्या तीन वर्षांत तू वाजवत होतास. बसून वाजवायचास, चढावर रिक्षातून जायचास, पण वाजवायचास. डॉक्टरांना जाऊन छाती ठोकून सांगून आलास, "पुरा वाजवतंव, सायेब, पुरा!" वहिनींच्या हातचा चहा गरम प्यायला लागलास. त्या तीन वर्षांसाठी मी आणखी दहा आकडे खोटे लिहिले असते. हे इन्स्पेक्टरने बोलू नये, पण बोलतो.

तर काल संध्याकाळी मी व्हर्निअर घेऊन बँडच्या खोलीत गेलो. तुझ्या बेसचा भोंगा तुझ्या मोठ्या रुमालाने झाकलेला होता. नळी काढली, मोजली. साडेसतरा. धातूला कुणाची भीड नसते. मास्तर शेजारी बसले होते, त्यांना मी सगळं सांगून टाकलं.

त्यांनी बेस जरा उचलून बघितला. मग म्हणाले, "दिसायला पाऊणच दिसायचा. मला शंका होती. पण तुमच्या हातचा आकडा होता, म्हटलं, आपलेच डोळे गेले असतील." ते ऐकून मला जमिनीत जावंसं वाटलं. मास्तर पुढे म्हणाले, "जाऊ द्या, परब. चांगलंच केलंत. आता दुरुस्त करा. साडेसतरा लिहा आणि पुढे पाऊण लिहा. डोंबिवलीवाले फसायला नकोत."

मी नवीन शीट पसरली. साडेसतरा लिहिलं, ठसठशीत. भोंगा, उंची, वाव, सगळं जसं आहे तसं. नावाच्या रकान्यापाशी आलो आणि हात थांबला.

"मास्तर, आकडे खरे दिले म्हणजे कुणी फसत नाही ना?"

"नाही."

"मग पुरा कुठला ते ठरवायचं आपल्या हातात आहे. प्रत्येक कंपनी ठरवते. आपण का ठरवू नये?"

"अहो, पण हा पुरा धरला तर आपल्या जुन्या पुऱ्याचं काय?"

"तो सव्वा."

"आणि दीड?"

"एक घर वर. पावणेदोन."

"पावणेदोन!" मास्तर ओरडलेच. "परब, असा बेस जगात कुणी ऐकलाय का?"

"नसेल ऐकला. तुमच्या बँडकडे आहे म्हणून सांगा."

आपण दोघं भांडायचो तसंच भांडलो आम्ही, पाऊण तास. फरक इतकाच की तुझी बाजू मी मांडत होतो, आणि तुला हेवा वाटावा इतकी चांगली मांडली. तू वाद जिंकलास असं मी तुला एकदा नाइलाजाने म्हटलं होतं, तुला बेस घ्यायला लावायचा होता म्हणून. काल ते मनापासून म्हटलं. शेवटी मास्तर हसायला लागले, डोळे पुसले आणि म्हणाले, लिहा बाबा, लिहा.

वहिनी दिवा लावायला आल्या होत्या. त्यांनी यादीवर बोट फिरवत विचारलं, "यांचा कंचा?" मी दाखवला. त्यांना वाचता येत नाही, म्हणून मोठ्याने वाचून दाखवली. पुरा, सव्वा, पावणेदोन. ई-फ्लॅट खाली, त्याच्या वेगळ्या ओळीत.

मी स्टेन्सिल वापरलं नाही या वेळी. साध्या हाताने लिहिली, थोडी वाकडी आलीय. यादी काल भिंतीला लागली, बाळाराम. तिच्यातले सगळे आकडे खरे आहेत आणि पाऊण कुणीच नाही.